हद्द वाढवली, जलवाहिनी कधी वाढवणार?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने लिहिलं, "आमच्या वाट्याचं पाणी पुणे पालिकेत घेतलेल्या या समाविष्ट गावांना कशाला? स्वस्तात फ्लॅट घेताना विचार करायचा होता. आता घ्या म्हणावं टँकर." तो सदाशिव पेठेत वाढला, मीही तिथेच वाढले. खाली चार-पाच जणांनी अंगठे दिले. माझे आईबाबा त्याच ग्रुपवर आहेत आणि सिंहगड रस्त्यावरच्या अशाच एका गावात राहतात. ते गप्प बसले. माझ्याने गप्प बसवलं नाही.

वाटा कुणाचा? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं हवेली, वेल्हे, मुळशीतल्या खेड्यांच्या जमिनीवर उभी आहेत. खडकवासल्याचं पाणी पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं ते सिंहगड रस्त्याकडच्या गावांच्या हद्दीतून. आणि जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, हातापायांतलं बळ घालवणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली ती कुठे? नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. ऐन धरणाच्या पायथ्याशी. नांदेड गावच्या विहिरीचं पाणी नुसती ब्लीचिंग पावडर टाकून घराघरांत जात होतं, गाळण्याची सोयच नव्हती. त्या दिवसांत आईच्या गॅसवर सकाळपासून पातेलं चढलेलं असायचं. उकळायचं, निववायचं, पंचाने गाळून कळशीत भरायचं. व्हिडिओ कॉलवर तिने मला रिकामं पातेलं तिरकं करून दाखवलं होतं. तळाला जाड पांढरा थर होता, नखाने खरवडला तरी निघेना. असं पाणी पिणाऱ्यांना "टँकर घ्या" म्हणताना जीभ कशी रेटते?

मी राहते त्या अमेरिकेतल्या, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशात पाण्याचं भांडण नवीन नाही. 1892 मध्ये इथल्या झऱ्यांचं पाणी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला नळाने न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा खोदायला आलेल्या मजुरांना गावकऱ्यांनी काठ्या-पिस्तुलं घेऊन परत पाठवलं होतं. म्हणजे आपलं पाणी दुसऱ्याला देताना सगळ्यांच्याच जिवावर येतं, हे मला मान्य आहे. पण पुढे याच गावाचे झरे आटले, खोल बोअरच्या पाण्यात किरणोत्सारी रेडियम निघालं आणि शेजारच्या मिलवॉकी शहराच्या दारात उभं राहायची वेळ आली. मिशिगन सरोवर इथून गाडीने अर्ध्या तासावर, पण गाव त्याच्या खोऱ्याबाहेर. खोऱ्याबाहेर पाणी न्यायचं म्हणून ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांकाठच्या आठही राज्यांच्या गव्हर्नरांची संमती लागली. ती जून 2016 मध्ये मिळाली. गावाने मागितलं होतं रोज 1 कोटी 1 लाख गॅलन, मंजूर झालं 82 लाख. भोवतालच्या टाउनशिपचे, म्हणजे शेजारच्या गावांचे, बरेच भाग पाणीपुरवठ्याच्या नकाशातून वगळले गेले. त्या लोकांना राग आला असणारच, पण आपल्याला पाणी मिळणार नाही हे त्यांना आधी कळलं. आम्हाला मिळणार होतं, ते ऑक्टोबर 2023 मध्ये आलं. पाण्याचं बिल चांगलंच वाढलं आणि जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रासाठी मिठाच्या गोण्या आणणं जवळजवळ थांबलं.

पुण्यात हे उलटं झालं. 2017 मध्ये पालिकेत 11 गावं घेतली, जून 2021 मध्ये आणखी 23. हद्द एका अधिसूचनेने सरकली, मिळकतकराची बिलं निघाली, जलवाहिनी मागेच राहिली. 23 गावांत बांधकामाची परवानगी पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) द्यायची आणि पाणी पालिकेने, अशी ती व्यवस्था. उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर आत घेतली आणि 2024 मध्ये पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. पेलत नव्हतं तर घेतलं कशाला?

मैलापाण्याचं तर ग्रुपवर कुणी नावच काढत नाही. वॉकेशाला सरोवराचं पाणी मिळालं ते वापरलेलं पाणी शुद्ध करून रूट नदीवाटे सरोवरात परत सोडण्याच्या अटीवर. एक वाहिनी आणायला, दुसरी परत न्यायला, आणि दोन्ही एकाच वेळी बांधल्या. आपल्याकडे बारा-बारा मजली इमारती आधी उभ्या राहतात आणि ड्रेनेज लाइन कुठे जोडायची हा प्रश्न नंतर पडतो. मग ओढा आहेच, ओढ्यापुढे मुठा, मुठेपुढे उजनी. त्याच उजनीतून सोलापूर पाणी पितं. समाविष्ट गावांना ड्रेनेज देणं म्हणजे त्यांच्यावर उपकार, असं पेठेतल्या माणसाला वाटत असेल तर त्याने एकदा उजनीच्या काठी जाऊन उभं राहावं.

यावर भावाचं उत्तर ठरलेलं. "ताई, तिकडे सत्तर हजार माणसं आणि डॉलर. तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस." पैशाचा मुद्दा खरा आहे. पण ज्याला आत घेतलं त्याला पाणी द्यायचं आणि ज्याला द्यायचं नाही त्याला आधी सांगायचं, एवढ्याला डॉलर लागत नाहीत. त्याच्या बोलण्यातलं "तिथे बसून" मात्र मला लागतं. आईबाबांचा फ्लॅट माझ्याच पगारातून घेतलाय. "वर्षभरात कॉर्पोरेशनचं पाणी" असं बिल्डरने सांगितलं होतं. मिळकतकर मी इथून ऑनलाइन भरते, टँकरचे पैसेही मीच पाठवते. इथे वॉकेशातही मी पाणीपट्टी भरते, पण मत नाही. पाण्याच्या सुनावणीला मी गेले होते, मागच्या रांगेत बसून सगळं ऐकलं आणि बोलायला उठले नाही, कारण हे गाव माझं आहे असं आतून वाटलंच नाही. पुण्याबद्दलच्या एका ओळीवर मात्र मी रात्री दोन वाजता उठून पानभर लिहिते. माझं घर कुठलं, हे मला अशा वेळीच कळतं. आणि तिथलीच माणसं मला बाहेरची म्हणतात.

15 जानेवारी 2026 ला पालिकेचं मतदान झालं. ग्रामपंचायती गेल्यानंतर साडेचार वर्षांनी 23 गावांना सभागृहात बोलायला माणूस मिळाला. त्या नगरसेवकांनी पहिलं काम हे करावं: कोणत्या गावात जलवाहिनी कोणत्या वर्षी आणि ड्रेनेज कोणत्या वर्षी, याचा तक्ता क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लावून घ्यावा. आईबाबांच्या गावापुढे कदाचित 2032 लिहिलेलं असेल. चालेल. निदान तोवर किती टँकर लागतील याचा हिशेब बाबांना करता येईल.