रक्त वर कसं चढतं म्हणे!

टीव्हीवर ‘अमर अकबर अँथनी’ लागला की आमच्या घरातले सगळे हौशी डॉक्टर जागे होतात. निरुपा रॉय खाटेवर, पलीकडे विनोद खन्ना, ऋषी कपूर, अमिताभ ओळीने आडवे. तिघांच्या हातांतून नळ्या निघतात, रक्त वर एका बाटलीत चढतं आणि तिथून थेट आईच्या अंगात. झालं! "असं कधी होतं का? तपासणी नको? गुरुत्वाकर्षण नको?"

अहो काका, १९७७ साली मनमोहन देसाईंना एवढंही कळत नसेल होय? ही आपली आई हे तिघांपैकी एकालाही माहीत नाही, तरी रक्त एक होतंय. हे दाखवायचं होतं त्यांना, पॅथॉलॉजीचा तास नव्हता घ्यायचा!

बरं, पुढे साईबाबांच्या मूर्तीतून ज्योती निघून तिच्या डोळ्यांत शिरतात, तिला दिसायला लागतं, तेव्हा हेच काका हात जोडून बसतात. तिथे नेत्रतज्ज्ञ आठवत नाही! आणि काकांचा रक्ताच्या नळ्यांवरचा जोक दर वेळी तोच, जणू आत्ताच सुचलाय. तोही नेमका मागे रफीचं गाणं चालू असताना. गपचूप बघा, नाहीतर रिमोट इकडे द्या.