हात बघून काम, कान बंद? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मेळघाटातल्या पहिली-दुसरीला मराठी शिकवताना हावभावांचा वापर कसा करावा, या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबलं. आपले आक्षेप थोडक्यात असे : एक, ‘९३ टक्के अर्थ देहबोलीतून पोचतो’ हे लेखातलं वाक्य थोतांड आहे. दोन, कोरकू पोरं (घरी मराठी नव्हे, कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारी) गुरुजींचे हात बघून काम करतात, शब्द ऐकतच नाहीत, म्हणून चाचणीचा कागद समोर आला की गप्प. तीन, चार इयत्ता एका खोलीत बसवल्यावर हे नाटक करायला वेळ कुणाला आहे? पहिला आक्षेप पूर्ण मान्य, दुसरा अर्धा, तिसऱ्याशी माझं भांडण आहे.

९३ टक्क्यांचं वाक्य लेखातून काढलंय. ते ७-३८-५५ चं गणित (७ टक्के शब्द, ३८ आवाज, ५५ चेहरा) मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलं. त्या प्रयोगांत सुटे शब्द होते, आणि शब्द, आवाज व चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तर ऐकणारा बोलणाऱ्याच्या भावनेबद्दल काय समजतो, एवढाच प्रश्न होता. ‘खडू टेबलाखाली ठेव’ यातला ‘खाली’ कुठल्याही चेहऱ्यावरून कळत नाही. शिबिरांतून हा आकडा अजून फिरतो, मीही तपासून न बघता उचलला.

आता दुसरा आक्षेप. मुलं हात बघतात आणि शब्द सोडतात हे अगदी खरं आहे, पण दोष हात कधी हलतो यात आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘पाटी टेबलावर...’ म्हणतानाच आपला हात खाली दाबला गेला, की ‘ठेव’ कानावर पडायच्या आत पोराने पाटी ठेवलेली असते. ‘उचल’ म्हटलं असतं तरी त्याने ठेवलीच असती. म्हणून वाक्य पूर्ण होईपर्यंत हात पाठीमागे, मग मनात तीन आकडे मोजायचे आणि त्यानंतरच इशारा. तोही कुणीच हललं नाही तर. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्ग न्याहाळले तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब झाली. दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्याला तर असा वेळ हवाच.

क्रम असा ठेवावा. एका वेळी चारच आज्ञा : ऊठ, बस, उचल, ठेव. आधी आपण बोलून करायचं, तीन-चार वेळा. मग मुलांसोबत. मग आपण नुसतं बोलायचं, करायचं मुलांनी. मग क्रम उलटसुलट, कारण ‘ऊठ’नंतर ‘बस’ येणार हे पोरं दुसऱ्या फेरीतच ओळखतात आणि ऐकणं बंद करतात. शेवटी आधी कधीच न ऐकलेली जोडणी : ‘पाटी उचल आणि मोटूच्या डोक्यावर ठेव.’ (मोटू म्हणजे वर्गातली मातीची बाहुली, पोराच्या डोक्यावर पाटी ठेवायला लावू नका, भांडण लागतं.) अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी साठच्या दशकात अंगाने प्रतिसाद देत भाषा शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा या न ऐकलेल्या जोडणीत आहे. तीच गाळली तर उरते ती कवायत, आणि आपण वर्णन केलेला वर्ग मला तसाच वाटला.

कागदावर गप्प बसण्याचं कारण वेगळं आहे. उभं राहून करणं आणि कागदावर ओळखणं यांच्यामध्ये एक पायरी लागते, ती लेखात राहून गेली होती. पाटीवर तीन चित्रं काढून द्या : टेबलावर चेंडू, टेबलाखाली चेंडू, टेबलाजवळ चेंडू. आपण भिंतीकडे तोंड करून वाक्य म्हणा, मुलांनी चित्रावर खडूची खूण करायची. तोंड भिंतीकडे अशासाठी की आपले डोळेसुद्धा बरोबर उत्तराकडे वळतात, आणि पोरं ते टिपतात.

हावभाव कुठे हात टेकतो तेही सांगायला हवं. ‘तो आला, ती आली, ते आलं’ हातांनी दाखवता येत नाही. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी आहे, गोंडीत पुल्लिंगी आणि बाकीचं सगळं अशी. त्यामुळे ‘ती पाटी’ आणि ‘तो खडू’ हा भेद त्या पोराला अंगठ्याने, बोटाने कशानेही कळणार नाही. तिथे रंगीत पट्ट्या आणि भरपूर ऐकणं. ‘आठवण’, ‘कारण’, ‘कधीकधी’ या शब्दांसाठी कसरत करण्यापेक्षा मोठ्या मुलाला विचारून कोरकू शब्द एकदा सांगून टाकावा. घरची भाषा वर्गात आली म्हणून मराठी बुडत नाही.

चुकीचा इशारा तर इशारा नसण्यापेक्षा वाईट. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्पेन्सर केली आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्यांना जपानी शब्द शिकवून पाहिले : जुळणाऱ्या हावभावासह शिकलेले शब्द सर्वांत चांगले लक्षात राहिले, न जुळणाऱ्यासह शिकलेले सर्वांत कमी. आपल्याकडचे घोटाळे बघा. ‘पाणी’साठी मूठ वळून अंगठा तोंडाकडे नेला, तर गावातल्या पोराच्या लेखी ती दारू. पाण्याला ओंजळ करावी. ‘ये’ म्हणताना आपण तळवा खाली करून बोटं हलवतो, ‘बस’ म्हणतानाही तळवा खालीच. मागच्या ओळीतून दोन्ही सारखंच दिसतं. ‘बस’ला दोन्ही तळवे आणि ‘ये’ला एक हात, हे ठरवून टाका. शाळेतल्या दोन्ही शिक्षकांचं ठरलेलं एकच हवं. ‘डावा-उजवा’ मुलांकडे पाठ करून शिकवा, नाहीतर आपला उजवा त्यांचा डावा होतो. पाठ्यपुस्तकातली ‘बैलगाडी’ ही आपली बंडीच आहे हे मात्र चित्राने दाखवा, आणि ‘डोळा’ म्हणजे बाजारात ऐकलेला ‘डोया’च, हे डोळ्यावर बोट ठेवून.

चेहऱ्याबद्दल लेखात फारच कमी होतं. ‘प, ब, म’ ओठांवर दिसतात. ‘त’ आणि ‘ट’ दिसत नाहीत, जीभ आत असते. त्यासाठी डावा तळवा टाळूसारखा आडवा धरा, त्याखाली उजव्या हाताची बोटं म्हणजे जीभ : ‘त’ला बोटांची टोकं पुढे, ‘ट’ला मागे वळवून वर टेकलेली. ‘प-फ’, ‘त-थ’साठी वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरा, ‘फ’, ‘थ’ला ती हलते. दार पाठीशी घेऊन उभं राहू नका. बाहेरच्या उजेडात आपण नुसती काळी सावली दिसता, ओठ दिसतच नाहीत. आणि (राग मानू नये) तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखू) असेल तर हा सगळा परिच्छेद वाया गेला.

‘पोरं मान डोलावतात म्हणजे कळलेलं असतं’ हे आपलं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. ‘समजलं का?’ला मान हलवणं म्हणजे गुरुजींचा मान राखणं. खाली घातलेली नजरही अज्ञानाची खूण नसते, घरी मोठ्यांसमोर तसंच उभं राहायला शिकवलेलं असतं. म्हणून ‘समजलं का?’ विचारूच नका, काहीतरी करायला सांगा. शेजाऱ्याकडे बघून मग उठणारं पोर, दोन क्षण उशिरा हलणारं पोर, त्यांच्या नावापुढे खूण करा. त्यांना दुसऱ्या दिवशी एकेकटं बोलवा.

राहिला वेळेचा प्रश्न. ही रोज १२ ते १५ मिनिटांची गोष्ट आहे, परिपाठानंतर लगेच, चारही इयत्तांना मिळून. पहिली-दुसरी आज्ञा पाळतील, तिसरी त्याच आज्ञा पाटीवर लिहील. आज्ञा देण्याचं काम आठवड्यातले तीन दिवस चौथीकडे द्या. त्यांना आज्ञार्थ पक्का होतो आणि आपण मोकळे होऊन कोण कुणाकडे बघतंय ते टिपू शकता. चौथीच्या पोरांना अट एकच घाला : बोलताना हात पाठीमागे.