५२८ हर्ट्झ ऐकवून मुलांच्या गोळ्या बंद करू नका

नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: रोज रात्री हेडफोनवर ५२८ हर्ट्झचा ध्वनी २१ दिवस ऐकवा, मुलांची अँक्झायटी मुळापासून जाते, गोळ्या बंद करता येतात, हे आपल्या ऋषींना माहीत होतं, विज्ञानानेही सिद्ध केलंय. बहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, हिची गोळी थांबवू का?" भाची नववीत आहे.

थांबवू नकोस. सर्ट्रालिनसारखी चिंतेवरची गोळी एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते, दबलेली भीतीही परत उसळू शकते. ती कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आता "सिद्ध" म्हणजे काय ते बघू. २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. चिंताविकार असलेली ७ ते १७ वयाची ४८८ मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटलेली, १२ आठवडे उपचार. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून चालणारी उपचारपद्धती) आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं चांगली सुधारली. नुसत्या सीबीटीने ६०, नुसत्या गोळीने ५५ टक्के. आणि औषध नसलेल्या, फक्त दिसायला तशाच गोळीने? २४ टक्के. म्हणजे जवळपास चारातलं एक मूल औषध पोटात न जाताही सुधारलं! मग मेसेजखालच्या "आमच्या मुलाला फरक पडला" या अनुभवांवरून काय ठरवायचं? ध्वनी तपासायचा तर दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ हेडफोन लावून साधं संगीत ऐकवायला हवं, आणि कोणी काय ऐकलं हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. मेसेजमध्ये अशा एकाही चाचणीचा उल्लेख नाही.

ऋषींचं नाव घेतलेलं तर अजिबात सहन होत नाही. हर्ट्झ हे सेकंदाला किती कंपनं याचं माप, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचं. आपल्या संगीतात सा कुठल्याच आकड्याला बांधलेला नाही. कोणी पेटीवरच्या काळी एक पट्टीत गातं, कोणी काळी पाचमध्ये, तंबोरा गळ्याप्रमाणे लावतात. ४४० हर्ट्झच्या प्रचलित मापाने लावलेल्या पेटीत 'पांढरी एक' म्हणतात त्या पट्ट्यांपैकी एक ५२३ हर्ट्झवर वाजते. ५२८ तिच्यापेक्षा केसभर वर. पेटी शिकणारं प्रत्येक मूल जवळपास हाच स्वर रोज ऐकतं.

ऑपरेशनआधी किंवा दाताच्या डॉक्टरांकडे संगीताने धास्ती कमी होऊ शकते, एवढं मान्य. ती तेवढ्या वेळेपुरती. चिंताविकारात मूल तोंडी परीक्षा चुकवतं, आणि चुकवण्यानेच भीती पक्की होते. म्हणून सीबीटीत पायऱ्या करतात: आधी आईसमोर मोठ्याने वाचायचं, मग दोन मैत्रिणींसमोर, मग वर्गात. भीती वाटली की हेडफोन चढवायची सवय लागली, तर पुढची पायरी राहूनच जाते.

डॉक्टरांची वेळ लगेच मिळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.