खेड्यात लेझर कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, लेझर प्रोजेक्टरवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. आतली चिप (चित्र घडवणाऱ्या बारीक आरशांचा तुकडा) १०८० ओळींचीच, म्हणजे 'फोर-के' (सुमारे ८३ लाख ठिपक्यांचं चित्र) ही धूळफेक, असं तुम्ही म्हणता. लेझर गेला तर दिव्यासारखा घरी बदलता येत नाही, असंही म्हणता. आणि शेवटी लिहिता, 'खेड्यात कापूस विकणाऱ्याला लेझर कशाला? साधा दिव्याचा प्रोजेक्टर पुरे.'

हे शेवटचं वाक्य लागलं. मतभेद असू द्या, पण कोणाला काय पुरे हे ठरवणारे तुम्ही कोण? नाव न टाकता लिहिणाऱ्याने तर जरा सांभाळूनच लिहावं.

माझे वडील जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. यंत्रात उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड होत जायच्या, तशा ते हाताने पुढे सरकवायचे. जरा चुकलं की पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा आणि तंबूतून शिट्ट्या सुरू. मी त्या यंत्राच्या बाजूला बसून वाढलो. तुम्ही मला उजेड शिकवू नका.

आता तुमच्या 'साध्या दिव्या'चं. आमच्या दारव्हा तालुक्यात लाईन कधी जाईल याचा नेम नाही. लाईन गेली की साध्या प्रोजेक्टरमधला पाऱ्याच्या वाफेचा दिवा विझतो आणि त्याला गार करणारा पंखाही त्याच क्षणी थांबतो. उष्णता आत कोंडते, दिव्याचं आयुष्य घटतं. लाईन आली तरी तो लगेच पेटत नाही; तापलेल्या दिव्यातला वाफेचा दाब उतरावा लागतो. सामन्याची शेवटची षटकं, ओसरीत अर्धं गाव बसलेलं आणि पडदा काळा, हे मी पाहिलंय. लेझरमध्ये निळा लेझर सोडणारे डायोड फॉस्फरच्या (उजेड पडला की स्वतः उजळणाऱ्या लेपाच्या) फिरत्या चकतीवर मारा करतात, तिच्यातून पिवळा उजेड निघतो आणि त्यातूनच लाल-हिरवा वेगळा काढतात. गार व्हायची वाट बघणं नाही. दिवा साधारण ३ ते ५ हजार तास चालतो. लेझरला, उजेड निम्म्यावर येईपर्यंत, २० हजार तास धरतात. आणि दिवा गेला की आम्हाला तो नागपूरहून मागवावा लागतो. तुमच्याकडे गल्लीत मिळत असेल.

एक मान्य करतो. मे महिन्यात इकडे पारा ४५च्या वर जातो आणि बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत ३५ ते ४० अंशांचीच मर्यादा असते. तेव्हा दुपारी कूलरशिवाय लावू नये, लेझर असला तरी.

चिपचं म्हणाल तर १९२० × १०८० आरशांचं चित्र सेकंदाला २४० वेळा, चार जागी सरकवून पडद्यावर ८३ लाख ठिपके उमटवतात. मला पडद्यावर बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येतात, तेवढं पुरे. घरी बदलता येत नाही, ते २० हजार तासांनंतर बघू.

यापुढेही जरूर लिहा, पण कापूसवाल्याला मध्ये आणू नका. यंदाच्या कापसाच्या चुकाऱ्यातून आमच्या गावात एकाने लेझरच घेतला. घेण्याआधी त्याने मला विचारलं होतं, मी हेच सांगितलं. उद्या दुसऱ्याने विचारलं तर त्यालाही हेच सांगणार.