खुलासा : वरच्या टप्प्यात गेल्याने हातातला पगार घटत नाही

‘पगारवाढ घेऊ नका, कराच्या वरच्या टप्प्यात जाल आणि हातात आधीपेक्षा कमी पडेल,’ असा सल्ला मेसेजमधून फिरतोय. टप्प्याटप्प्याच्या आयकराबाबत तो चुकीचा आहे. वरचा दर लागतो तो फक्त त्या मर्यादेपलीकडच्या रकमेला. खालच्या पैशांचा हिशेब जसाच्या तसा राहतो.

समजा, १० लाखांपर्यंत १० टक्के आणि त्यापुढे २० टक्के कर आहे. १० लाख मिळवणारा १ लाख भरतो. उत्पन्न १० लाख १० हजार झालं, तर कर होतो १ लाख २ हजार. वाढलेल्या दहापैकी दोन हजार गेले, आठ हजार खिशात आले. मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्याच उत्पन्नाला २० टक्के लावले आणि कर २ लाख २ हजारांवर नेऊन ठेवला. गफलत एवढीच, पण घबराट केवढी!

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही खरं. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पर्यंत घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क अख्ख्या किमतीवर लागायचं. अडीच लाख पौंडांच्या घराला २,५०० पौंड, आणि किंमत त्याच्या जराही वर गेली की थेट ७,५०० च्या पुढे. म्हणून लोक किंमत अडीच लाखांच्या आतच बसवायला बघायचे. सरकारी भत्ते आणि सवलतींचं तर आजही कित्येकदा असंच असतं : उत्पन्नमर्यादा थोडी ओलांडली की सगळा लाभ बंद. असा एखादा भत्ता मिळत असेल, तर पगारवाढीआधी त्याचा नियम जरूर तपासा. आयकराच्या टप्प्यापायी मात्र वाढ नाकारू नका.