फसवायचा हेतू सिद्ध करायलाच हवा
फॅमिली ग्रुपवर पुण्याच्या मावसभावाने ठणकावून सांगितलं, फॉर्म ३, म्हणजे त्याच शोधासाठी परदेशात केलेल्या अर्जांची भारतीय पेटंट ऑफिसला द्यायची माहिती, वेळेत भरला नाही म्हणजे लबाडीच, पेटंट सरळ उडवा, हेतू कसला शोधत बसायचा. वर हेही, की अमेरिकेतल्या कोर्टांनी औषध कंपन्यांना मोकळं रान दिलंय.

दादा, मी इथे अमेरिकेत रोज आयडीएस भरते, म्हणजे शोधाशी संबंधित ठाऊक असलेली आधीची माहिती पेटंट ऑफिसला कळवायचा फॉर्म, म्हणून राहवत नाही. इथे आधी असंच होतं, हेतूचा पुरावा लंगडा असला तरी दडवलेली माहिती महत्त्वाची होती एवढ्यावर भागायचं, मग वकील भीतीपोटी सापडेल तो कागद पेटंट तपासणाऱ्या एक्झामिनरसमोर ओतायचे आणि कामाचं नेमकं त्यात बुडायचं. २०११ ला थेरासेन्स केसमध्ये फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या इथल्या कोर्टाने, हे थांबवलं. फसवायचा हेतू हाच पुराव्यातून निघणारा सगळ्यात सयुक्तिक निष्कर्ष हवा, निष्काळजीपणा कितीही मोठा असला तरी तो फसवणूक नाही.

मोकळं रान म्हणतोस तर २०२१ ची बेल्चर केस वाच. एपिनेफ्रिनचं इंजेक्शन. एफडीएला सांगितलं २.८ ते ३.३ पीएच ही जुनीच रेंज, पेटंट ऑफिसला सांगितलं हीच रेंज क्रिटिकल, म्हणजे शोधाचं वेगळेपण हिच्यातच, आणि दोन्ही कामांत तोच चीफ सायन्स ऑफिसर. त्याने हेतू कबूल केला नव्हता, तरी पेटंट गेलंच. म्हणजे हेतू सिद्ध होतो, फाइल नीट वाचावी लागते.

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय? फिलिप्सच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०१४ लाच सांगितलंय की कलम ८, म्हणजे पेटंट कायद्यातलं हे फॉर्म ३ वालं कलम, पाळलं नाही म्हणून पेटंट आपोआप रद्द होत नाही, मुद्दाम दडवलं का ते बघायचं. तुझ्या नियमाने मोठ्या कंपनीला काही होणार नाही रे, तिच्याकडे तारखा सांभाळायला अख्खं डिपार्टमेंट असतं. मरेल तो नागपूरच्या कॉलेजातला प्रोफेसर, ज्याचा परदेशातला अर्ज कुठवर आला हे त्याला एजंटच्या ईमेलवरूनच कळतं.

यावर "तुम्ही तिकडचे, तुम्हाला कंपन्यांचाच पुळका" असं आलं. फार लागलं ते. माझा एन-४००, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, अर्धवट भरून तसाच पडलाय, सही करायला हात धजत नाही, हे घरी कुणाला बोलले नाहीये. पण कलम ८ वर मी बोलणारच, आणि दादा, तू आधी ती जजमेंट्स वाच, मग फोन कर.