डिस्टोपिया म्हणजे महापूर नव्हे

पंचगंगा पात्राबाहेर आली की एक मेसेज कोल्हापुरात हमखास फिरतो. ‘आपलं शहर डिस्टोपिया झालंय’ अशी सुरुवात, मग ज्ञानदान: शब्द जॉर्ज ऑर्वेलने ‘१९८४’ कादंबरीसाठी घडवला, मुळात तो संस्कृतच आणि अर्थ जगबुडी.

ऑर्वेलचं आधी उरकू. कादंबरी १९४९ ची, ऑर्वेलचा जन्म १९०३ चा. इंग्रज विचारवंत आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिलने हा शब्द ब्रिटिश संसदेत वापरला १८६८ मध्ये! वाद आयर्लंडच्या प्रश्नावर होता. सरकारच्या बाजूच्यांना युटोपियन, म्हणजे आदर्श जगाची स्वप्नं पाहणारे, म्हणणं म्हणजे त्यांचं कौतुकच, असा त्याचा टोला. युटोपिया अति चांगला म्हणून अशक्य, यांना हवं ते अति वाईट म्हणून. तेव्हा यांना डिस्टोपियनच म्हणा.

संस्कृतचं म्हणाल तर ग्रीक ‘डिस’, म्हणजे वाईट, आणि ‘दुष्काळ’मधला आपला ‘दुस्’ हे भाऊ खरे, पण भाऊ म्हणजे बाप नव्हे. ‘टोपोस’, म्हणजे जागा, हाही ग्रीकच; दोन्ही मिळून ‘वाईट जागा’. ज्या युटोपियावरून हे सगळं निघालं, तो शब्द इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ मध्ये घडवला: ‘नसलेली जागा’. उच्चारात ‘चांगली जागा’ही ऐकू येते, ती कोटी त्याचीच.

खरा घोळ जगबुडीचा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ च्याही वर गेलं. माणसं होरपळली, पण तो कुणाचा बेत नव्हता. (अलमट्टी धरणाच्या पाण्यामुळे पूर वाढतो का, हे भांडण वेगळं, त्यात आत्ता शिरत नाही.) पुरात व्यवस्था कोलमडते. डिस्टोपियात ती ठणठणीत असते, रजिस्टरं वेळेवर भरतात, आणि त्याचाच जाच होतो. मिलचा रोखही राज्य चालवणाऱ्यांवर होता, आभाळावर नव्हे.

उदाहरणच हवं तर ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या. ठरावीक जमातीत जन्मलात की नाव सरकारी यादीत. मग पोलिसांकडे हजेरी आणि गाव सोडायला परवाना. गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच नाही. आपल्या संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी होती. ती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली. बाहेर त्या कायद्याच्या यादीतल्या जमातींना मोकळं व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं.